संगणकावरील हिशेबातून हवी ती नोंद कशी शोधावी

मृगाचा पाऊस तोंडावर आला की सेवा सहकारी संस्थेच्या कचेरीत गर्दी होऊ लागते. कोणास नवीन पीककर्ज हवे असते, कोणास बेबाकीचा दाखला हवा असतो, तर कोणास आपल्या नावावर दिसणारी बाकी कशाची आहे हे समजून घ्यावयाचे असते. ह्यांपैकी तिसऱ्या शेतकऱ्याचे काम सर्वांत नाजूक होय. बाकी खरी असेल तर ती त्याने भरलीच पाहिजे. परंतु त्याने भरलेली रक्कम भलत्याच खात्यात जमा पडली असेल, तर ती शोधून काढण्याची जबाबदारी संस्थेची आहे, शेतकऱ्याची नव्हे.

पूर्वी हा शोध रोजकीर्द व खतावणी पुढ्यात घेऊन, पानामागून पान उलटून करावा लागे. त्यात वेळ फार जाई. तथापि त्या पद्धतीत एक गुण होता. पाने उलटताना आजूबाजूच्या नोंदीही शोधणाऱ्याच्या नजरेखालून जात, आणि चुकीच्या ठिकाणी पडलेली रक्कम कधी कधी सहज सापडून जाई. आता बऱ्याच संस्थांची कीर्द संगणकावर आली आहे. केंद्र शासनाने २०२२ साली प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, तेव्हा प्रारंभी ६३,००० संस्था व २,५१६ कोटी रुपये एवढा तिचा आवाका ठरविण्यात आला होता. शेतकरी उत्पादक कंपन्या व कृषी सेवा केंद्रे ह्यांचे हिशेबही बहुधा संगणकावरच असतात. ह्यामुळे जो शोध घेण्यास दोन दिवस लागत तो दोन मिनिटांत होतो. मात्र संगणक विचारलेल्या प्रश्नाचे तेवढेच उत्तर देतो. प्रश्न अरुंद असेल तर उत्तरही अरुंद मिळते, आणि पडद्यावर रिकामी यादी दिसली म्हणजे रक्कम भरलीच गेली नाही असा समज करून घेतला जातो. यादीत नोंद न दिसणे आणि दप्तरात नोंद नसणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद ज्याच्या ध्यानात राहिला त्याच्या हातून शेतकऱ्यावर सहसा अन्याय होणार नाही.

नोंदीचे रकाने

शोध घेण्यापूर्वी नोंदीची घडण माहीत असणे अगत्याचे आहे. कोणत्याही हिशेबाच्या प्रणालीत प्रत्येक व्यवहाराची एक नोंद असते व तिला ठरावीक रकाने असतात: व्यवहाराचा दिनांक, प्रमाणकाचा म्हणजे व्हाउचरचा क्रमांक, प्रमाणकाचा प्रकार (जमा, खर्च, खरेदी, विक्री, जमाखर्च इत्यादी), कोणते खाते नावे पडले व कोणते जमा झाले, रक्कम, आणि शेवटी तपशील. बहुतेक प्रणालींत ही नोंद कोणी व केव्हा टंकली हेही साठविलेले असते. ते पडद्यावर एरवी दिसत नाही, परंतु मागितल्यास मिळते.

शोधणे व निवडणे ह्यांत थोडा फरक आहे. शोधात एखादा शब्द किंवा आकडा दिला जातो आणि तो जेथे असेल तेथे प्रणाली नेऊन पोचविते. निवडीत, म्हणजे ज्यास सर्वत्र फिल्टर असे म्हणतात त्यात, एक अट घातली जाते व त्या अटीत न बसणाऱ्या सर्व नोंदी दृष्टीआड केल्या जातात. फिल्टर म्हणजे चाळण होय. चाळणीने दाणे निर्माण होत नाहीत की नाहीसेही होत नाहीत; काही वर राहतात, काही खाली पडतात. खाली पडलेल्यांत चांगला दाणा गेला की काय हे पाहावयाचे असेल तर चाळण बदलावी लागते. संगणकावरही नेमके हेच करावयाचे असते.

एका बाकीची चौकशी

उदाहरणादाखल पुढील प्रसंग घ्यावा. एका सभासदाने खरिपासाठी ९०,००० रुपये पीककर्ज घेतले. २० मार्च रोजी त्याने ४५,००० रुपये मुद्दल व काही व्याज रोख भरले व पावती घेतली. उरलेले ४५,००० रुपये मुद्दल व ६२० रुपये व्याज, मिळून ४५,६२० रुपये, ३० मार्च रोजी त्याच्या मुलाने शहरातून मोबाइलद्वारे संस्थेच्या बँक खात्यात पाठविले. जूनमध्ये सभासद नवीन कर्जासाठी आला तेव्हा त्याचे नाव थकबाकीच्या यादीत होते व त्यापुढे ४५,००० रुपये मुद्दल बाकी दिसत होती.

ही बाकी केवळ कागदावरची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. केंद्र शासनाच्या व्याज सवलत योजनेत ३ लाख रुपयांपर्यंतचे अल्पमुदतीचे पीककर्ज शेतकऱ्यास ७ टक्के दराने मिळते, आणि मुदतीत फेड करणाऱ्यास आणखी ३ टक्के सूट मिळून दर ४ टक्क्यांवर येतो. ९०,००० रुपयांवर वर्षाचे ३ टक्के म्हणजे २,७०० रुपये होतात. मुदत चुकल्याचा शिक्का बसला की ही सूट धोक्यात येते, आणि पेरणीच्या ऐन वेळी नवे कर्ज अडते ते वेगळेच.

गटसचिवाने सभासदासमोरच संगणकावर नोंद पाहिली. त्याने सभासदाचे नाव घातले, पीककर्ज हे खाते निवडले, आणि १ एप्रिल ते ३१ मार्च हे सरलेले आर्थिक वर्ष अवधी म्हणून दिले. यादीत २० मार्चचा एकच भरणा आला. गटसचिवाने दाखविले ते खोटे नव्हते. परंतु त्याने एकाच वेळी तीन चाळण्या लावल्या होत्या आणि हवी असलेली नोंद त्या तिन्हींतून खाली गेली होती.

ती कशी गेली हे पाहण्यासारखे आहे. रक्कम मुलाच्या बँक खात्यातून आल्यामुळे बँकेच्या उताऱ्यावर मुलाचे नाव होते. सबब सभासदाच्या नावाच्या चाळणीत ती अडकली नाही. कोणाची रक्कम हे न कळल्यामुळे संस्थेतील लेखनिकाने ती सस्पेन्स खात्यात, म्हणजे ज्या रकमेचा धनी ठरलेला नाही ती तात्पुरती ठेवण्याच्या खात्यात, जमा केली; सबब पीककर्ज खात्याच्या चाळणीतूनही ती सुटली. आणि बँकेचा उतारा एप्रिलमध्ये हाती आल्यामुळे नोंद ८ एप्रिलच्या दिनांकाने घातली गेली. सबब ती सरलेल्या वर्षात नव्हतीच.

चौकशी पुढे नेताना गटसचिवाने प्रथम तिन्ही अटी काढून टाकल्या. मग फक्त एक अट घातली: रक्कम ४५,६२०. अवधी मागील १ एप्रिलपासून चौकशीच्या दिवसापर्यंत ठेवला, व खाते कोणतेही ठेवले नाही. आता यादीत दोन नोंदी आल्या. एक खतखरेदीच्या देण्याची, नावे बाजूची. दुसरी ८ एप्रिलची, सस्पेन्स खात्यात जमा, तपशिलात 'यूपीआय' असा शब्द व पुढे बारा अंकी क्रमांक. मुलास फोन करून त्याच्या मोबाइलवरील व्यवहाराचा क्रमांक मागविण्यात आला. बाराही अंक जुळले. शेवटचे चार अंक जुळले म्हणून समाधान मानण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती चांगली नव्हे. संपूर्ण क्रमांक पडताळावा.

ह्यानंतर चुकीची नोंद खोडून टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये. ८ एप्रिलची नोंद तशीच ठेवून एक जमाखर्च प्रमाणक करावे: सस्पेन्स खाते ४५,६२० रुपयांनी नावे, सभासदाचे पीककर्ज ४५,००० रुपयांनी जमा व व्याज ६२० रुपयांनी जमा. तपशिलात मूळ प्रमाणकाचा क्रमांक, यूपीआयचा क्रमांक व पैसे बँकेत आल्याचा दिनांक, ३० मार्च, लिहावा. बँकेच्या उताऱ्यावरील हा दिनांकच पैसे संस्थेकडे केव्हा पोचले ह्याचा पुरावा होय, आणि व्याजसवलतीचा प्रश्न जिल्हा बँकेपुढे नेताना त्या उताऱ्याची प्रत सोबत जोडावी.

येथे एक गोष्ट नमूद करणे जरूर आहे. ३१ मार्च रोजी बँकेच्या उताऱ्याशी कीर्दीचा ताळमेळ घातला असता, तर ४५,६२० रुपयांचा फरक त्याच दिवशी डोळ्यांसमोर आला असता. शोधाची युक्ती कितीही चांगली असली तरी ती ताळमेळाची जागा घेऊ शकत नाही.

चाळण्या कोणत्या क्रमाने लावाव्यात

वरील प्रसंगावरून क्रम ठरविता येतो. आरंभी एकही अट नसावी, अवधी मोठा असावा. मग एक अट घालावी, किती नोंदी उरल्या व त्यांची बेरीज किती हे कागदावर टिपावे, आणि तेवढ्याने काम भागत नसेल तरच दुसरी अट घालावी. ज्या अटीनंतर हवी ती नोंद नाहीशी होते, चूक बहुधा त्याच रकान्यात असते. एकदम चार अटी घातल्या म्हणजे कोणत्या अटीने नोंद गाळली हे कळावयास मार्ग राहत नाही.

पहिली अट कशाची असावी? नेहमीच्या वापरातील लोक नावापासून आरंभ करतात. वास्तविक नाव हा सर्वांत अविश्वसनीय रकाना होय. पावती क्रमांक किंवा व्यवहार क्रमांक हाती असेल तर त्याने आरंभ करावा, नसेल तर रकमेने, त्यानंतर दिनांकाने, आणि नावाने सर्वांत शेवटी.

नावांचा घोटाळा

नावाविषयी अधिक विस्ताराने सांगणे इष्ट आहे, कारण महाराष्ट्रातील संस्थांत बहुतेक नोंदी येथेच हरवतात. माणसास 'शिंदे' आणि 'शिन्दे' एकच वाटतात. संगणकाच्या लेखी ती दोन भिन्न अक्षरमालिका होत. तीच गोष्ट 'ज्ञानेश्वर' आणि 'ज्ञानदेव' ह्यांची, किंवा सातबाऱ्यावर 'पांडुरंग' असलेल्या पण गावात व पावतीवर 'पांडू' असलेल्या खातेदाराची. आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचे नाव घातले की नाही, दोन शब्दांच्या मध्ये एक जागा सोडली की दोन, हे सर्व फरक संगणक मोजतो. त्यात काही नोंदी देवनागरीत व काही इंग्रजी लिपीत असतात. अशा वेळी पूर्ण नाव न टंकता नावाचा निःसंशय असलेला एखादा तुकडा टंकावा. 'पांडुरंग' शोधण्यासाठी 'पांडु' एवढे पुरे आहे. मात्र 'पांडू' असे दीर्घ लिहिलेले राहून जाऊ नये म्हणून 'पांड' एवढ्यावरही एकवार शोधून पाहावे. त्यानंतर इंग्रजी लिपीत पुन्हा शोध घ्यावा.

आकड्यांचीही तीच गत. देवनागरी ४५ आणि इंग्रजी लिपीतील तोच आकडा हे तपशिलाच्या रकान्यात संगणकास एक वाटतीलच असे नाही. रकमेच्या रकान्यात प्रणाली बहुधा एकाच प्रकारचे अंक घेते, परंतु तपशिलात लेखनिकाने जसे लिहिले तसेच राहते.

आणखी एक अडचण जुन्या दप्तराची आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपीसारख्या पद्धतींच्या जुन्या अक्षरसंचांत मराठी टंकले जाई. तो मजकूर पडद्यावर मराठी दिसला तरी आत साठविलेली चिन्हे वेगळी असतात. म्हणून आजच्या कळफलकाने 'गव्हाणे' टंकून शोधल्यास तेथे लिहिलेले 'गव्हाणे' सापडत नाही. अशा जुन्या याद्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात, किंवा निदान त्यांत नावाने शोध न घेता खाते क्रमांकाने घ्यावा.

ह्या सगळ्यावर उपाय एकच आहे. प्रत्येक भरण्याच्या तपशिलात सभासद क्रमांक आठवणीने लिहावा. एकाच गावात एकाच नावाचे तीन खातेदार असू शकतात; एका क्रमांकाचे दोन असत नाहीत.

रक्कम शोधताना

रक्कम नेमकी माहीत असेल तर काम सोपे. परंतु शेतकरी पुष्कळदा 'पंचेचाळीस हजार भरले' असे म्हणतो आणि प्रत्यक्षात त्यात व्याज, भाग रक्कम किंवा मागील किरकोळ बाकी मिळविलेली असते. म्हणून नेमका आकडा न देता पल्ला द्यावा: ४४,००० पेक्षा अधिक व ४७,००० पेक्षा कमी. तेवढ्यानेही न सापडल्यास रक्कम दोन भागांत पडली असण्याचा किंवा दोघा भावांची रक्कम एकत्र जमा झाली असण्याचा संभव ध्यानात घ्यावा. पहिल्या बाबतीत पल्ल्याची खालची मर्यादा कमी करावी, दुसऱ्या बाबतीत वरची वाढवावी.

तेरीज जुळत नसताना दोन जुने ठोकताळे आजही उपयोगी पडतात. फरकाच्या रकमेस ९ ने पूर्ण भाग जात असेल तर कोठेतरी अंकांची उलटापालट झाल्याची शंका घ्यावी. ५,४६० ऐवजी ४,५६० लिहिले गेले तर फरक ९०० येतो आणि त्यास ९ ने भाग जातो. दुसरा ठोकताळा असा की फरक सम संख्या असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधावी. ती जमेऐवजी नावे पडली असेल तर फरक दुप्पट दिसतो. कागदाच्या खतावणीत अशी रक्कम शोधणे जिकिरीचे असे. संगणकावर निम्मी रक्कम टंकली की ज्या दोन-चार नोंदी येतात त्या डोळ्यांनी तपासता येतात. जी प्रणाली जमा व नावे बाजू जुळल्याखेरीज प्रमाणकच घेत नाही, तेथे तेरजेत असा फरक पडत नाही. तरीही सभासदाचा पासबुकाशी ताळा घेताना हे ठोकताळे लागू पडतात.

ज्यांचे हिशेब प्रणालीत नसून एक्सेलच्या तक्त्यात आहेत त्यांनी लांब क्रमांकांविषयी दक्षता बाळगावी. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच धरून ठेवते. सोळा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून टंकल्यास शेवटचा अंक शून्य होतो, आणि मग तो क्रमांक कितीही शोधला तरी सापडत नाही. असे क्रमांक लिहिण्यापूर्वी तो रकाना मजकुराचा म्हणून ठरवून ठेवावा.

दिनांक

एका व्यवहारास तीन दिनांक असू शकतात: शेतकऱ्याने पैसे दिले तो, बँकेत जमा झाले तो, आणि कीर्दीत नोंद पडली तो. शेतकरी पहिला सांगतो, प्रणाली तिसरा दाखविते. म्हणून अवधी देताना सांगितलेल्या दिवसाच्या मागे आठवडाभर व पुढे निदान महिनाभर मोकळीक ठेवावी. मार्च-एप्रिलच्या व्यवहारांत ही खबरदारी विशेषेकरून घ्यावी, कारण काही ठिकाणी नव्या वर्षाचे दप्तर वेगळे उघडलेले असते व जुन्या वर्षात शोधणाऱ्यास नव्यातील नोंद मुळीच दिसत नाही.

तक्त्यात दिवस आधी की महिना आधी हाही घोळ असतो. ५ एप्रिल हा दिनांक अमेरिकन रीतीने मांडलेल्या तक्त्यात ४ मे होऊन बसतो. १२ तारखेपुढील दिवस आला तर चूक लगेच उघडी पडते. बारापर्यंतच्या तारखा मात्र निमूटपणे चुकतात.

शेतकरी उत्पादक कंपन्यांत व दुकानांत टॅली ही प्रणाली पुष्कळ वापरली जाते. तीत रोजकीर्दीस डे बुक म्हणतात. डे बुक उघडल्यावर आरंभी एकाच दिवसाच्या नोंदी दिसतात. नवख्यास वाटते की बाकीच्या नोंदी गेल्या. ऑल्ट ही कळ दाबून धरून एफ २ दाबावे, म्हणजे अवधी विचारला जातो. हवा तो पहिला व शेवटचा दिनांक दिला की सर्व नोंदी पुढे येतात.

विसरलेली चाळण

हिशेबात सर्वांत महाग पडणारी चूक चाळण लावण्यात नसून ती काढण्यास विसरण्यात आहे. सकाळी एका वस्तीच्या सभासदांची यादी पाहिली, दुपारी त्याच पडद्यावरून संपूर्ण वसुलीचा तक्ता छापला, आणि तो बैठकीत ठेवला. असे घडल्यास बेरीज एका वस्तीची व मथळा संपूर्ण गावाचा असा कागद तयार होतो. छापण्यापूर्वी एकूण नोंदींची संख्या पाहावी व ती मूळ यादीशी ताडावी.

एक्सेलच्या तक्त्यात ह्याच्या उलट प्रकार होतो. तेथे 'सम' ह्या सूत्राने केलेली बेरीज चाळणीने झाकलेल्या ओळीही धरते. पडद्यावर दहा ओळी आणि बेरीज मात्र दोनशे ओळींची, असे दिसते. दिसणाऱ्या ओळींचीच बेरीज हवी असल्यास 'सबटोटल' हे सूत्र वापरावे. दोन्ही सूत्रे बरोबर आहेत. कोणती बेरीज हवी हे वापरणाऱ्याने ठरवावयाचे असते.

रद्द केलेली प्रमाणके कित्येक प्रणालींत यादीत येत नाहीत. शोध निष्फळ ठरल्यास प्रमाणकांचे क्रमांक ओळीने पाहावेत. मध्येच क्रमांक तुटला असेल तर त्या जागी काय होते ह्याचा खुलासा मागावा. शेतकरी उत्पादक कंपनी ही कायद्याने कंपनीच असल्यामुळे तिला ह्या बाबतीत एक बंधन आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरावयाच्या हिशेबाच्या प्रणालीत प्रत्येक फेरबदलाचा माग दिनांकासह राहिला पाहिजे व तो बंद करता येता कामा नये. म्हणून अशा कंपनीच्या सभासदास 'नोंद संगणकातून गेली' हे उत्तर मिळाल्यास त्याने तो माग दाखविण्यास सांगावे.

शेतकऱ्याने काय आणावे

शोधाचे निम्मे काम शेतकऱ्याच्या खिशात असते. पावती, नसल्यास पावतीचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र, यूपीआयचा बारा अंकी क्रमांक, पैसे कोणाच्या खात्यातून गेले त्याचे नाव, आणि नेमकी रक्कम पैशांसह, एवढे सोबत आणल्यास गटसचिवास नावाच्या जंजाळात शिरावे लागत नाही. मुलाने, जावयाने किंवा आडत्याने परभारे रक्कम भरली असेल तर ते आधीच सांगावे. पैसे पाठविताना शेरा लिहिण्याची सोय असते; तेथे सभासद क्रमांक घालण्यास कुटुंबातील लिहित्या-वाचत्या मुलांस शिकवावे.

आपला हिशेब पाहणे ही मेहेरबानीची बाब नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ह्याच्या कलम ३२ प्रमाणे सभासदास संस्थेच्या दप्तरातील ज्या भागात त्याचे स्वतःचे व्यवहार नोंदलेले आहेत तो भाग कचेरीच्या वेळेत विनामूल्य पाहता येतो, व लेखी मागणी करून आणि फी भरून नक्कलही घेता येते. ह्या हक्कास जुना इतिहास आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची रोखे व वह्यांची दप्तरे जाळली, त्यामागील मोठी तक्रार हीच होती की वहीत काय लिहिले आहे हे कुळास कधी कळत नसे. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कुळास पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा अधिकार दिला. आज वही संगणकात आहे. ती पाहण्यासाठी पडदा सभासदाकडे वळवावा एवढेच करावयाचे असते. काही संस्थांत टेबल असे मांडलेले असते की पडद्याची पाठ सभासदाकडे येते. ते फिरवून ठेवण्यास खर्च येत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने अशा चौकशीस हजर राहिल्यास शेवटी सापडलेली यादी छापून घ्यावी. छापील कागदावर कोणत्या अटी लावून यादी काढली ते हाताने लिहावे: अवधी कोणता, खाते कोणते, रकमेचा पल्ला कोणता, नाव कोणत्या लिपीत व कसे टंकले. नोंद सापडली नसली तरी हा कागद तयार करावा, म्हणजे दुसऱ्या खेपेस येणाऱ्यास कोठे शोधून झाले व कोठे राहिले हे कळते. त्यावर दिनांक, गटसचिवाची सही व सभासदाची सही किंवा अंगठा घ्यावा. एक प्रत सभासदास द्यावी व दुसरी दुरुस्तीच्या जमाखर्च प्रमाणकास टाचून ठेवावी, म्हणजे लेखापरीक्षकास ती तेथेच मिळेल.